माझी बहीण कर्णबधिर आहे, अप्लाइड आर्ट झालंय. तिला पगाराची नोकरी मिळेल का, की घरी पणत्याच रंगवायच्या?

मिळेल. नुसता धीर द्यायला म्हणत नाहीये, पुण्यात आमच्या डिझाइन स्टुडिओत माझ्याच टीममध्ये एक कर्णबधिर इलस्ट्रेटर आहे, पगार आमच्यासारखाच, पीएफ कापला जातो, आणि पुस्तकावर नाव छापून येतं. पगार, पद आणि नाव, या तीन गोष्टी धरून बसा.

तुम्ही पणत्यांचं लिहिलंत ते मला लागलं. दिवाळी आली की कंपन्यांना गिफ्ट बॉक्स हवे असतात, मग 3 डिसेंबरला दिव्यांग दिन म्हणून लॉबीत प्रदर्शन, शाल, श्रीफळ, फोटो, आणि 4 तारखेपासून कुणी विचारत नाही. पणत्या रंगवणं हलकं काम आहे असं अजिबात नाही, पण जिला टायपोग्राफी येते, लेआउट येतो तिला नगावर पैसे द्यायचे आणि वर किती कौतुक म्हणायचं याचा मला खरंच राग येतो. तोंडाने आणि पायाने चित्रं काढणाऱ्या कलाकारांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, भारतातलं काम मुंबईतून चालतं, तेही ग्रीटिंग कार्ड आणि कॅलेंडरच विकतात, पण त्यातून सभासद कलाकाराला दरमहा ठरलेले पैसे मिळतात.

आणि चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी बघा. 1956-57 च्या सुमारास डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्यांची दृष्टी पूर्ण गेली, तरी 1958 मध्ये ते शांतिनिकेतनच्या कलाभवनात शिकवायला परत आले, कागद कापून कोलाज करायला लागले आणि 1972 मध्ये टाइल्सचं मोठं म्युरल केलं. चित्रकाराची नजर गेली म्हणून त्याचं डोकं आणि हात गेले असं तिथे कुणी मानलं नाही.

आता ऑफिसमधलं खरं सांगते. काम करताना अडत नाही, अडतं ते बोलण्यात. आमच्याकडे आधी क्लायंट फोनवर करेक्शन सांगायचा, आता सगळं पीडीएफवर लिहूनच घेतो आणि त्याचा फायदा आम्हा सगळ्यांनाच झाला कारण नंतर 'मी असं म्हटलंच नव्हतं' हे बंद झालं. मीटिंगला लाइव्ह ट्रान्सक्राइब, म्हणजे बोललेलं लगेच स्क्रीनवर लिहून दाखवणारं अ‍ॅप लावतो, एकजण बोलत असेल तर बरं चालतं, चौघं एकदम बोलले की गोंधळ, म्हणून एकावेळी एकानेच बोलायचं असा नियम केलाय. अप्रेझलला साइन लँग्वेजचा दुभाषी बोलावतो कारण पगाराचं बोलणं अंदाजाने समजून घ्यायची वेळ कुणावर येऊ नये. सगळ्यात अवघड म्हणजे चहाच्या वेळच्या गप्पा, नवीन प्रोजेक्ट कुणाला मिळणार हे अर्धं तिथेच ठरतं आणि ते आमच्या इलस्ट्रेटरपर्यंत पोचत नाही, म्हणून प्रोजेक्टचं वाटप आता ग्रुपवर लिहूनच होतं. टीममधल्या दोघी थोडी साइन लँग्वेज शिकल्यात, तेवढ्यानेही खूप फरक पडतो.

कायद्याचं थोडक्यात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारी नोकरीत 4% आरक्षण आहे, त्यातलं 1% कर्णबधिरांसाठी. खाजगी कंपनीला तसा कोटा नाही, पण समान संधीचं धोरण जाहीर करावंच लागतं, दिव्यांगांना काय सुविधा देतो हे त्यात लिहावं लागतं आणि 20 किंवा जास्त माणसं असतील तर कुठली पदं त्यांच्यासाठी योग्य आहेत हेही. एचआरला ते धोरण बिनधास्त मागा, कोण मनापासून करतंय ते लगेच कळतं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर आधी काढा.

पोर्टफोलिओत फक्त सुंदर चित्रं नकोत, एखादं काम कच्च्या स्केचपासून फायनलपर्यंत दाखवा, पॅकेजिंग किंवा पुस्तकाचं असेल तर उत्तम. मेलमध्ये एका ओळीत लिहा की ती कर्णबधिर आहे आणि इंटरव्ह्यू चॅटवर किंवा दुभाष्यासोबत हवा. टेस्ट म्हणून आख्खं कॅम्पेन फुकट करून मागितलं तर सरळ नाही म्हणा. इंटरव्ह्यूला तुम्ही सोबत जायला हरकत नाही, पण उत्तरं तिलाच देऊ द्या, पगाराचा आकडासुद्धा तिलाच लिहू द्या.