कार्ड दिसतंय, पण अप होत नाही

प्रश्न: दादा, आमच्या यंत्रमागाच्या ऑफिसात हिशोबाचा एक छोटा सर्व्हर आहे, डेबियन लिनक्स ११ होतं ते मागे १२ केलं. गेल्या आठवड्यात मदरबोर्ड गेला म्हणून डिस्क काढून एका सेकंडहँड रॅक सर्व्हरला लावली. बूट मस्त होतोय, ब्रॉडकॉमचं नेटवर्क कार्डही दिसतंय, पण ते अप म्हणजे चालू करायला गेलं की म्हणतंय ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. अहो, फाइल मागितली कुणी? मित्र म्हणाला फर्मवेअर टाक, तर डेबियनमध्ये सॉफ्टवेअर टाकणारं एपीटी म्हणतं असलं पॅकेजच नाही. आता बायोस फ्लॅश करावं (मदरबोर्डच्या चिपमधला प्रोग्राम नव्याने लिहावा) लागणार का? हात थरथरतोय.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: हात खाली घ्या, फ्लॅश वगैरे काही करायचं नाहीये.

फाइल तुम्ही नाही, कार्डाच्या ड्रायव्हरने मागितलीय. डीमेसेज (कर्नलचे निरोप दाखवणारी कमांड) चालवून त्यात ‘फर्मवेअर’ शब्द ग्रेप करा, म्हणजे शोधा, बीएनएक्स२ नावाच्या फोल्डरातली एक फाइल लोड झाली नाही असं दिसेल आणि शेवटी कंसात उणे २. हा उणे २ म्हणजेच ‘फाइल नाही’, तोच निरोप तुम्हाला स्क्रीनवर आला. या जातीच्या कार्डाला स्वतःचं डोकं थोडं कमीच, दरवेळी चालू होताना लिब-फर्मवेअर फोल्डरातून प्रोग्राम (हेच ते फर्मवेअर) उचलून कार्डाच्या मेमरीत भरावा लागतो. जुन्या मशीनचं कार्ड वेगळं होतं, त्याला हे लागत नव्हतं, म्हणून तुमच्या डिस्कवर ती फाइल कधी आलीच नाही.

मग एपीटीला पॅकेज का सापडेना? जून २०२३ मध्ये डेबियन १२ आलं तेव्हा फर्मवेअरची पॅकेजं ‘नॉन-फ्री’मधून काढून ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ या वेगळ्या कप्प्यात ठेवली. एपीटीने पॅकेजं कुठून आणायची ते सांगणाऱ्या तुमच्या सोर्सेस-लिस्टमध्ये ११ च्या जमान्याची ओळ तशीच असणार, फक्त बुल्सआय (११ चं नाव) खोडून बुकवर्म (१२ चं) केलेलं (सगळेच असं करतात, मीही केलंय). त्या ओळीच्या शेवटी हा नवा कप्पा जोडा.

आता नेटच नाही तर अपडेट कसं मारणार? अँड्रॉइड फोन यूएसबीने लावा, टेदरिंग चालू करा, सर्व्हरला तो अजून एक नेटवर्क कार्ड म्हणून दिसतो, त्यावर डीएचसीपीने आयपी पत्ता घ्या. मग एपीटी अपडेट, आणि इन्स्टॉल फर्मवेअर-बीएनएक्स२ (इथे देवनागरीत छापलंय, टाइप अर्थातच इंग्रजीत). नंतर कार्ड पुन्हा अप करा, रीबूटचीही गरज नाही. फाइलचं नाव बीएनएक्स२एक्स असं असेल तर पॅकेजही त्याच नावाचं घ्या, एका एक्सने फरक पडतो. नावावरून अंदाज येत नसेल तर एपीटी-फाइल टाकून त्यात फाइलचं नाव शोधा, पॅकेज कळतं.

जाता जाता एक बघाच. इन्स्टॉल्ड यादीत मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला दुरुस्तीचा कोड) ग्रेप करा. नवा कप्पा जोडायच्या आधी तिथे ‘लोकल’ लिहिलेलं दिसलं तर समजा डेबियन १२ केल्यापासून त्याला एकही अपडेट आलेला नाही, आणि प्रोसेसरच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातूनच येतात. याला मात्र रीबूट लागतो. आणि नव्या मशीनचा प्रोसेसर एएमडीचा असेल तर इंटेलचं मायक्रोकोड तिथे काय कामाचं, एएमडी६४वालं घ्या.

तुम्ही ज्याला घाबरताय ते फर्मवेअर वेगळं, ते चिपमध्ये कायमचं लिहिलं जातं. त्यासाठी एफडब्ल्यूअपडी नावाचं टूल आहे, त्याची गेट-अपडेट्स कमांड फक्त काय आलंय ते दाखवते, काही बदलत नाही, तेव्हा बघायला हरकत नाही. मशीन फार जुनं असेल तर यादी रिकामीच येईल. आलंच काही तर यूपीएसची बॅटरी तपासल्याशिवाय आणि बॅकअप घेतल्याशिवाय अपडेट दाबू नका, अर्ध्यात लाइट गेली तर बोर्ड गेला.

आणि केबलवरून पिंग जाईपर्यंत फोन काढू नका.