दम्याचा क्लेम रिजेक्ट झालाय? आधी कागद गोळा कर

भाऊ, सैन्यातून बाहेर पडल्यावर दम्यासाठी मागितलेली डिसॅबिलिटी पेन्शन (अपंगत्वाची पेन्शन) नाकारली आणि पत्रात 'आजार सर्व्हिसमुळे नाही' असं आलं म्हणून गप्प बसू नकोस, माझंही तसंच आलेलं आणि मी दोन वर्षं फुकट घालवली. आधी रिलीज मेडिकल बोर्डाच्या (सैन्यातून बाहेर पडताना होणारी डॉक्टरांची तपासणी) अहवालाची पूर्ण कॉपी काढ, देत नसतील तर आरटीआय टाक. त्यात बघ अपंगत्वाचे टक्के किती लावलेत (२० च्या खाली असतील तर जड जातं), त्रास पहिल्यांदा कुठल्या पोस्टिंगला सुरू झाला, आणि बोर्डाने कारण लिहिलंय की नुसतंच नाही म्हटलंय. भरतीच्या मेडिकलला दम्याची नोंद नव्हती ना? मग सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा धरमवीर सिंग निकाल तुझ्या कामाचा आहे, त्यात आजार सर्व्हिसमुळेच झाला असं धरतात आणि तसं नाही हे बोर्डाला कारणासकट दाखवावं लागतं. फक्त २१ सप्टेंबर २०२३ नंतर बाहेर पडला असशील तर या पेन्शनचे नवे नियम लागतात, ते आधी वाच. लेह-सियाचीन केलं असेल तर तारखांसकट लिही, इनहेलर कधी लागला तेही. पहिलं अपील सहा महिन्यांच्या आत जाऊ दे, मग दुसरं, तरी नाही झालं तर मुंबईला आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल (सैन्यातल्या लोकांच्या केसेस ऐकणारं कोर्ट) आहेच. आणि ओरिजिनल कागद कुणालाच देऊ नकोस, एजंटला तर अजिबात नाही.