जनुके जागी करणारी पावडर घ्यावी का?

प्रश्न : इंदापूर तालुक्यात माझे शेततळे आहे. गेल्या पावसाळ्यात रोहू-कटल्याची बोटुकली सोडली. शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा निम्मा-निम्मा भिजवून टाकतो. आठ महिने झाले तरी रोहू पाव किलोच्या पुढे सरकत नाही. दुकानदार म्हणतो, ‘वाढीची जनुके जागी करणारी’ पावडर मिसळा. किलोला बाराशे रुपये. घ्यावी का?

उत्तर : भाऊ, पैसे खिशातच राहू द्या. दुकानदार अगदीच थाप मारतोय असे नाही. खाद्यावर जनुकांचे काम कमी-जास्त होते, हे खरे. पण त्याला बाराशेची पावडर लागत नाही.

मुळात खाण्याने जनुके बदलत नाहीत. ती बदलायला पिढ्यान्‌पिढ्या निवड करावी लागते. भुवनेश्वरच्या संशोधकांनी नॉर्वेच्या मदतीने तशी ‘जयंती रोहू’ तयार केली आणि ती १९९७ मध्ये शेतकऱ्यांना दिली. दर पिढीला वाढ सरासरी १७ टक्क्यांच्या आसपास सुधारत गेली. तुमच्या रोहूला जी जनुके मिळायची ती मिळाली. त्यातले कोणते किती काम करील, एवढेच खाद्याच्या हातात.

मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीतून वाढीचे संप्रेरक सुटते. ते यकृताला पोचले की यकृत ‘आयजीएफ-१’ हे वाढीचे दुसरे संप्रेरक बनवते आणि मांस भरते ते बरेचसे त्याच्या जोरावर. गंमत म्हणजे, मासा उपाशी असला की रक्तातले वाढीचे संप्रेरक बहुधा वाढते! पण यकृत दाद देत नाही, आयजीएफचे जनुक मंदावते. मामलेदार हुकूम सोडतोय आणि तलाठी दप्तरच उघडत नाही, असा कारभार. वर स्नायूंतली प्रथिने मोडणारी जनुके जोर धरतात ती वेगळीच.

तुमचा मासा उपाशी नाही, म्हणाल. पोट भरते, पण शेंगदाणा पेंडीत लायसिन आणि मेथिओनिन ही अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिन बांधायच्या विटा, कमी. यांतले एक जरी तोकडे पडले तरी उरलेले प्रथिन अंगी लागत नाही. ते जळते आणि अमोनिया होऊन पाण्यात उतरते. पेशीतली ‘एमटॉर’ यंत्रणा अमिनो आम्लांची आवक पाहूनच नवे प्रथिन बांधायला घेते. म्हणून निम्मी पेंड काढून तिथे सोया पेंड आणि थोडे फिशमील घाला, सोबत खनिज मिश्रण. एकूण प्रथिन २५ ते ३० टक्के आले की पुरे. रोहूला जठर नसते, तेव्हा सगळे एकदम ओतू नका. दिवसातून दोन-तीनदा विभागून द्या.

आणि ती पेंड एकदा फोडून बघाच. माझी सगळी नोकरी खाद्याचे नमुने तपासण्यात गेली, त्यामुळे अजूनही कुठे ढेप दिसली की हात आपोआप जातो. वरून स्वच्छ तुकडा मोडला की आत हिरवट-पिवळी भुकटी आणि कुबट वास, विशेषतः पावसाळ्यात भिंतीला टेकवलेल्या पोत्यात. त्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृतावर बसते, आणि आयजीएफ तर यकृतातच बनते. अशी पेंड उन्हात घालून खपवू नका. गाई-म्हशींनाही घालू नका, विष दुधात उतरते.

खुरटलेला मासा वाया गेला असे समजू नका. आंध्रातले शेतकरी मुद्दाम दाटीत, कमी खाद्यावर वर्षभर ठेवलेली बोटुकली तळ्यात सोडतात. मोकळी जागा आणि सकस खाणे मिळाले की ती झपाट्याने भरते, कारण यकृत पुन्हा कामाला लागते. तुमच्याकडेही दाटी झाली असेल तर थोडे मासे काढून विका.

खाद्य बदलल्यावर दर पंधरा दिवसांनी जाळे ओढून वीसेक रोहू तोला. दोन तोलांत फरक दिसला नाही, तर पहाटे पाण्यातला प्राणवायू मोजून घ्या. तो कमी पडत असेल, तर मासा उत्तम खाद्याकडेही फिरकत नाही.