जुन्या 1035 चा क्लच स्लिप मारतोय, पूर्ण सेट बदलावाच लागेल का?

तुमचा मॅसी 1035 ट्रॅक्टर जुना आहे, नांगर लावला की इंजिन रेस होतं पण गाडी ओढत नाही, आणि मेकॅनिक बघताक्षणीच क्लचचा पूर्ण सेट बदला म्हणाला, असं लिहिलंय तुम्ही. बदलावा लागेलही, पण आधी क्लचचं पेडल बघा. हाताने दाबून बघा, सुरुवातीला इंचभर तरी ते सैल गेलं पाहिजे. नसेल जात तर रिलीज बेरिंग (पेडल दाबलं की पुढे सरकणारं) कायम फिंगरांवर, म्हणजे क्लच सोडवणाऱ्या पट्ट्यांवर, टेकून राहतं, क्लच प्लेट पुरती आवळलीच जात नाही, मग घसरणारच ना. प्लेट झिजेल तसा हा ढिलेपणा कमी होत जातो आणि वर्षानुवर्षं कोणी ॲडजस्ट करत नाही. बाहेरूनच होणारं काम आहे, फोडाफोडी लागत नाही.

त्याने नाही भागलं आणि तुमच्यात डबल क्लच असेल तर पीटीओवर, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टवर, मळणी मशीन लावून बघा. आत दोन प्लेटा असतात, अर्धं पेडल दाबलं की चाकांची ताकद तुटते, पूर्ण दाबलं की पीटीओचीही. मशीन दणक्यात चालतंय पण नांगर ओढत नाही, तर मेन (चाकांची) प्लेट गेली समजा.

क्लच हाउसिंगच्या खाली भोक असतं, तिथून तेल टपकतंय का तेही बघून ठेवा. पातळ काळं असेल तर क्रँकच्या मागचं सील, जाड आणि उग्र वासाचं असेल तर गिअरबॉक्सचं. सील न बदलता नवी प्लेट टाकली तर पैसे पाण्यात. तेल प्यालेली प्लेट पेट्रोलने धुऊन परत बसवणारे महाभाग पण आहेत, गरम झाली की ती परत घसरते.

आता फोडायची वेळ आलीच तर, या ट्रॅक्टरला वेगळी चेसिस नसते, इंजिन आणि गिअरबॉक्स हीच चेसिस, म्हणून मधोमध तोडावा, म्हणजे दोन्ही वेगळे करावे लागतात. पुढचा ॲक्सल मधल्या पिनवर डुलतो, त्यामुळे ॲक्सलवर दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर ठोकल्याशिवाय एकही बोल्ट ढिला करू देऊ नका, नाहीतर इंजिन एका बाजूला कलंडतं आणि खाली माणूस असतो. आतली धूळ हवा मारून उडवू नका, जुन्या प्लेटांत ॲस्बेस्टॉस असायचं, ओल्या फडक्याने पुसा.

उघडलंच आहे तर रिलीज बेरिंग आणि फ्लायव्हीलमधलं (इंजिनच्या मागच्या जड चाकातलं) पायलट बेरिंग नवीनच टाका, त्या स्वस्तातल्या बेरिंगपायी परत गाडी तोडायची म्हणजे मजुरी दुप्पट. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक चिरा दिसल्या तर लेथवाल्याला दाखवा. फिंगर सगळे एका उंचीवर गेजने लावून घ्या, डोळ्याच्या अंदाजाने लावले की क्लच हादरे देत सुटतो.

आणि नवी प्लेट फोनवर मागवू नका, जुनी सोबत नेऊन दुकानात स्प्लाइन (मधल्या भोकातले दाते) मोजून, व्यास ताडून घ्या.