परीक्षणातल्या कोणत्या वाक्यावर दावा चालतो?

प्रश्न: मी कोल्हापूरचा. शहरातल्या तालमींवरचं माझं पुस्तक गेल्या वर्षी आलं. पाच महिन्यांपूर्वी पुण्याच्या एका मासिकात त्याचं परीक्षण छापून आलं. त्यात तीन वाक्यं अशी आहेत: 'निवेदन रटाळ आहे, लेखकाच्या पायाला तालमीची माती लागल्याचं कुठं जाणवत नाही.' 'तिसऱ्या प्रकरणातली नऊ पानं एका जुन्या स्मरणिकेतून जशीच्या तशी उचलली आहेत.' 'पुरस्कारही पैसे मोजून घेतलेला आहे.' पोलीस ठाण्यात गेलो तर नुसती एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतली. दहा लाखांचा अब्रुनुकसानीचा दावा लावू का?

उत्तर: आधी ही तीन वाक्यं एकमेकांपासून सुटी करा. तिन्हींची कायद्यातली गत वेगळी आहे.

पहिलं वाक्य तुम्हाला सगळ्यात जास्त लागलं असेल, पण त्यावर काही चालणार नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये (जुन्या दंडसंहितेत ४९९) बदनामीला अपवाद दिले आहेत. लोकांपुढे ठेवलेल्या कृतीच्या गुणदोषांवर सद्‌भावनेनं दिलेलं मत, हा त्यातला एक. पुस्तक छापलं म्हणजे ते लोकांपुढे ठेवलंच. कायद्यानं स्वतः उदाहरणही दिलंय. 'पुस्तक मूर्खपणाचं आहे, लेखक दुबळ्या बुद्धीचा असला पाहिजे' हे चालतं, कारण मत पुस्तकावरूनच बनलंय. 'लेखक मुळातच दुबळा आणि बाहेरख्याली, मग पुस्तक असंच निघणार' हे चालत नाही. त्यामुळे 'रटाळ' हा शब्द नोटिशीत येऊच देऊ नका. तो आला की समोरचा वकील सगळी तक्रार रागातून केल्याचं दाखवायला मोकळा.

दुसरं आणि तिसरं वाक्य मत नाही, आरोप आहे. ते खरं असल्याचं दिवाणी दाव्यात मासिकाला आणि परीक्षकालाच सिद्ध करावं लागतं. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून न पाहता कुणी 'उचललं' लिहिलं, तर सद्‌भावनेचा बचावही लंगडा पडतो.

पण त्याआधी ती स्मरणिका मिळवा आणि नऊ पानं ओळीनं ताडून पाहा. हे काम दुसऱ्यावर सोपवू नका. कुस्तीच्या दंगलीची तारीख, वस्तादांची नावं, तालमीच्या स्थापनेचं साल यांवर कुणाचा हक्क नसतो. १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं विषय, कल्पना आणि ऐतिहासिक तथ्यांना कॉपीराइट नसल्याचं स्पष्ट केलंय. प्रश्न वाक्यांचा आहे. चार परिच्छेद शब्दशः जुळत असतील आणि खाली स्रोत नसेल, तर दावा विसरा, पुढच्या आवृत्तीत ऋणनिर्देश घाला. खरं विधान ही दिवाणी दाव्यात पुरी ढाल आहे, आणि उलटतपासणीत ती पानं तुमच्याच तोंडून वाचून घेतली जातील.

पानं स्वच्छ निघाली तर पुरावा जमवा: मुलाखतींच्या वह्या, तारखेसह ध्वनिमुद्रणं, प्रकाशकाला पाठवलेले कच्चे खर्डे, पुरस्काराचं निवडपत्र. मोबाइल किंवा ईमेलमधल्या गोष्टींना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. मासिकाचा मूळ अंक आणि तो ज्या वेष्टनातून कोल्हापुरात आला ते पत्ता चिकटवलेलं पाकीटही जपा. अंक इथं वाचला गेला हे त्यातून दिसतं, आणि दावा पुण्याऐवजी कोल्हापुरातल्या कसबा बावड्याच्या न्यायालयात आणायचा आधार मिळतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) इथं सुरू झालंय, पण असा दावा थेट तिथं दाखल होत नाही.

प्रकाशकालाही लगेच लेखी कळवा. बहुतेक करारांत मजकूर स्वतःचा असल्याची हमी लेखकाकडून घेतलेली असते. त्यांना हा आरोप बाहेरून कळला तर हिशेब तुमच्याकडेच मागतील.

एन.सी.चं म्हणाल, तर पोलिसांचं चुकलं नाही. बदनामी अदखलपात्र आहे, फिर्याद तुम्हालाच न्यायदंडाधिकाऱ्यांकडे द्यावी लागते. नव्या कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत) न्यायदंडाधिकारी दखल घेण्याआधी समोरच्याचं म्हणणं ऐकतात. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. माझा कल मात्र दिवाणीकडे आहे, कारण तुम्हाला हवा आहे खुलासा.

दिवाणी दाव्याची मुदत अंक प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्ष. पाच महिने गेले, आणि नोटीस पाठवून ही मुदत थांबत नाही. प्रेस कौन्सिलकडे (वृत्तपत्रं-नियतकालिकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या संस्थेकडे) मासिकाविरुद्ध तक्रारीची मुदत चार महिन्यांची, ती टळली आहे. दहा लाखांचा आकडाही सोडा. रक्कम वाढली की कोर्ट फी वाढते आणि नुकसान पटवणं अवघड होतं.

या आठवड्यात संपादक आणि परीक्षकाला स्पीड पोस्टानं नोटीस जाऊ द्या. त्यात फक्त ती दोन वाक्यं अवतरणात, पानांची तुलना सोबत, आणि मागणी एकच: १५ दिवसांत खुलासा छापण्याचं लेखी आश्वासन. तोवर परीक्षकाला फोन करू नका आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर त्याच्याबद्दल एक अक्षर ठेवू नका. 'विकाऊ समीक्षक' एवढं जरी लिहिलंत तरी त्याचा स्क्रीनशॉट घेऊन तो तुमच्यावर हीच फिर्याद करू शकतो.