ताई, जमीन जाती का ऱ्हाती?

"जमीन जाती का ऱ्हाती, एवढंच सांगा ताई." कराडच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत काकांनी बसायच्या आधीच विचारलं. साठीपलीकडचे, पाटण तालुक्यातले. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) "रातभर अंगणात फेऱ्या मारत्यात, भांगलणीकडं ध्यान न्हाई," काकू म्हणाल्या.

खिशातून झेरॉक्स निघाली. घडीवर फाटलेली, चिकटपट्टी लावलेली. पश्चिम घाटाच्या इको सेन्सिटिव्ह, म्हणजे पर्यावरणदृष्ट्या नाजूक, क्षेत्राचा ३१ जुलै २०२४ चा सरकारी मसुदा. यादीत गावाच्या नावाखाली लाल पेनाची रेघ. नियमांची पानं मात्र त्यात नव्हतीच.

या प्रश्नाने झोप उडालेले बरेच जण येतात. पूर्वी मी पटकन "घाबरू नका" म्हणायचे. त्याचा कुणालाच उपयोग झाला नाही. काकांना विचारलं, "याआधी कधी गेली होती का?"

वडिलांचं घर कोयनेच्या पाण्याखाली. डोंगरात वर सरकले, तर १९८५ ला अभयारण्य, पुढं व्याघ्र प्रकल्प. कागद आला की उठायचं, हे तीन पिढ्या पाहिलेलं. याला मी नुसती काळजी करायची सवय कशी म्हणू?

पुढच्या खेपेला नियमांची पानं मिळवली, एका वकील मित्राला फोनवर घेतलं आणि एकेक कलम मराठीत सांगत गेलो. मसुद्यातली बंदी खाणी, दगडखाणी, वाळूउपसा, नवे औष्णिक वीज प्रकल्प, लाल श्रेणीतले (म्हणजे जास्त प्रदूषण करणारे) नवे उद्योग आणि २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या नव्या बांधकामांवर. चालू शेती बंद करा, गाव उठवा, जमीन विकू नका, असं त्यात कुठंही नाही. अभयारण्याचे नियम वेगळे, हा कागद वेगळा.

"वीस हजार मीटर म्हंजे?"

"दोन लाख पंधरा हजार चौरस फुटांच्या आसपास."

"आमची आख्खी वाडी धरली तरी भरायची न्हाई!" पहिल्यांदा हसले. मग एकदम थांबले. "पर पोरगं खडीच्या क्रशरवर हाय."

ही काळजी खरी होती, ती मी पुसायला गेले नाही. हरकत नोंदवायला ६० दिवस होते. पोराच्या रोजगाराचं काय, हे त्यांनी स्वतःच्या शब्दांत दीड पान लिहिलं. मी फक्त वाचून दाखवलं.

महिन्याने आले, तेव्हा झोपेचं विचारलं.

"काल दोनदा उठलो. एकदा असंच. दुसऱ्यांदा भातात गवं शिरलं हुतं."