ऑगस्टाचा दाखला तुमच्या कामाचा नाही, पण लेखी कारण जरूर मागा

तुमची पोस्ट वाचून आमच्या घरातलं जुनं प्रकरण वर आलं. तुमच्या मुलाने गोल्फ स्पर्धेत अकराव्या होलला पाच फटके मारले, मार्करने (त्याचे आकडे कार्डावर लिहिणाऱ्या सोबतच्या खेळाडूने) चार लिहिले, दोघांच्या सह्या झाल्या, मुलगा बाद. आणि तुमचा सवाल असा की १९६८च्या मास्टर्समध्ये (ऑगस्टाला होणाऱ्या मोठ्या स्पर्धेत) रॉबर्टो डी व्हिसेन्झोचं कार्डसुद्धा चुकलेलंच होतं, त्याला दुसरा नंबर तरी मिळाला, मग आमच्याच पोराला एवढी शिक्षा का?

कारण डी व्हिसेन्झोची चूक उलट्या बाजूची होती. सतराव्या होलला त्याने बर्डी केली (ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी), म्हणजे तीन. त्याचा मार्कर टॉमी एरन, त्याने लिहिले चार. अठराव्याला बोगी झाली (एक फटका जास्त), त्या वैतागात डी व्हिसेन्झोने कार्ड धड न तपासता सही ठोकली. त्या फेरीत खेळला ६५, कार्डावर ६६. नियम तेव्हा होता तोच आजही आहे: होलचा आकडा जास्त लिहिला गेला तर तोच कायम, कमी लिहिला गेला तर खेळाडू बाद. ६५ धरले असते तर चारही फेऱ्यांच्या बेरजेत बॉब गोल्बीशी २७७वर बरोबरी होऊन सोमवारी १८ होलचा प्लेऑफ (निर्णायक जादा फेरी) झाला असता. धरले ६६, झाले २७८, आणि गोल्बी जिंकला. गंमत म्हणजे (गंमत कसली!) त्या दिवशी डी व्हिसेन्झोचा ४५वा वाढदिवस होता, पहिल्याच होलला ईगल (ठरल्यापेक्षा दोन फटके कमी) मारून त्याने सुरुवात केली होती, आणि लोकांनी त्याच्यासाठी वाढदिवसाचं गाणंही म्हटलं होतं. सतराव्याची बर्डी अख्ख्या टीव्हीने पाहिली होती. तेव्हा ‘आमच्या चौघांच्या गटातल्या सगळ्यांनी पाहिलंय’ हा मुद्दा अर्जात घालू नका, कोणी ऐकून घेणार नाही.

तुमच्याशी जुळणारी केस जॅकी पंगची. १९५७, अमेरिकेची महिला ओपन, विंग्ड फूट क्लब. चौथ्या होलला सहा झाले होते, कार्डावर पाच पडले. खाली बेरीज ७२, अगदी बरोबर. तरी बाद, आणि किताब बेट्सी रॉल्सकडे. क्लबच्या सभासदांनाच इतकं वाईट वाटलं की त्यांनी वर्गणी काढली, ती विजेतीच्या बक्षिसाहून जास्त भरली. खेळाडू जबाबदार असतो प्रत्येक होलच्या आकड्याला. बेरीज करणं समितीचं काम. त्यामुळे ‘टोटल बरोबर होती हो’ हेसुद्धा सोडून द्या.

दोन गोष्टी मात्र मुलाला शांतपणे विचारा. पहिली, पाचातला एक फटका पेनल्टीचा होता का, आणि ती लागली हे त्याला कार्ड देताना माहीतच नव्हतं का? तसं असेल तर बाद करता येत नाही, फक्त पेनल्टी वाढवतात. (ही सवलत टप्प्याटप्प्याने आली. २०१७मध्ये लेक्सी थॉम्पसनला एका प्रेक्षकाच्या ईमेलवरून चार फटके लागले, त्यातले दोन निव्वळ चुकीच्या कार्डाचे. ती प्लेऑफमध्ये हरली, आणि पुढच्या वर्षापासून ते जादा दोन फटके गेले.) दुसरी, कार्ड ‘जमा’ कधी झालं? स्कोअरिंगची जागा आखलेली असेल आणि मुलगा अजून तिथेच असेल तर सहीनंतरही दुरुस्ती करता येते. टेबलावरच्या माणसाने कार्ड ओढून घेऊन ‘चल पुढे’ केलं असेल, तर तेवढा एक मुद्दा मांडण्यासारखा आहे.

आता आमचं. मुलगी बाद झाली त्याचं आम्हाला फारसं काही नव्हतं, नियम कळत होता. डोकं फिरवलं त्या स्पर्धेच्या कार्यालयाने. नाव घेत नाही. बोर्डावर तिच्या नावापुढे लाल स्केचपेनने ‘डीक्यू’ (म्हणजे बाद) लिहिलं, कारण काही नाही. तो फोटो पालकांच्या ग्रुपवर फिरला आणि पुढच्या निवड चाचणीला एका गृहस्थाने मला विचारलं, “फटका लपवला होता ना हिने?” आम्ही लेखी कारण मागितलं तर म्हणे क्लबमार्फत अर्ज करा. क्लब म्हणतो, आमची स्पर्धाच नाही, तिकडेच जा. तिकडे पुन्हा गेलो तर ‘समितीचा निर्णय अंतिम असतो’. अहो, अंतिम आहे हे मान्य आहे, पण कुठल्या नियमाखाली? एक ओळ टाइप करायची होती! शेवटी एका रिटायर्ड फौजी रेफ्रींनी फोनवर सांगितलं की निकाल बदलून मागूच नका, फक्त नियम ३.३बी (स्कोअरकार्डाचा नियम) असा उल्लेख करून लेखी कारण मागा. तसा अर्ज केल्यावर कागद आला. पण तोवर सीझन संपला होता.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या, मी काही रेफ्री नाही: अपिलात पैसे आणि शनिवार-रविवार घालवू नका. कागद मागा, आजच, ईमेलने, आणि पोच ठेवा. त्यात एवढंच हवं की होलचा आकडा चुकीचा नोंदवल्यामुळे बाद. फसवणुकीचा आरोप नाही हे त्यातून आपोआप दिसतं. चौदा-पंधराच्या पोराच्या नावापुढे कारणाशिवाय ‘डीक्यू’ लटकवणं हा मला तरी निव्वळ आळस वाटतो.

आणि त्या मार्कर मुलाच्या आईबापांना फोन करू नका, प्लीज. ऑगस्टानंतर लोकांनी बिचाऱ्या गोल्बीला शिव्यांची पत्रं पाठवली, त्याने कार्डाला हातही लावला नव्हता. डी व्हिसेन्झोने एरनला दोष दिला नाही, मूर्खपणा माझाच असं तो सरळ म्हणाला. एरन पुढे १९७३ला स्वतः मास्टर्स जिंकला, आणि त्या दिवशी त्याच्या कार्डावर जोडीदाराने लिहिलेला चुकीचा आकडा त्याने स्वतः पकडला.

जाता जाता: क्लबच्या त्या बुटक्या पेन्सिलीने लिहिलेले आकडे ऊन-घामात पुसट होतात. मुलाला स्वतःचं पेन द्या आणि टेबलाशी बसून मार्करकडून एकेक होल मोठ्याने वाचून घ्यायला सांगा. मागे रांग लागली तरी. अर्जाचा मसुदा हवा असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा, आमचा अजून आहे माझ्याकडे.